दुसऱ्याचा पवित्र डोंगर



सुट्टी लागली की आपल्यापैकी अनेक कुटुंबे मेळघाट, चिखलदऱ्याकडे जातात. देवाची सृष्टी पाहून मन प्रसन्न होते. पण एक प्रश्न आपण क्वचितच विचारतो : एखादा डोंगर तिथल्या लोकांसाठी पवित्र असेल, तर आपण तिथे कसे जावे? सर्वत्र जाण्याचा आपल्याला हक्क आहे का?

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, वाळवंटात, मस्ग्रेव्ह नावाची डोंगररांग आहे. 1873 साली विल्यम गॉस हा शोधक या प्रदेशात फिरला. त्याच प्रवासात उलुरू नावाच्या प्रचंड खडकाला त्याने 'एअर्स रॉक' हे नवे नाव दिले. तिथले आदिवासी अनंगू लोक त्या खडकाला हजारो वर्षे ओळखत होते. त्यांच्या दृष्टीने तिथे शोधण्यासारखे काही नव्हते. ते त्यांचे घर आणि देवस्थान होते. पुढे पर्यटक उलुरूवर चढू लागले. 'कृपया चढू नका,' अशी विनंती अनंगू लोक वर्षानुवर्षे करीत राहिले. अखेर ऑक्टोबर 2019 मध्ये ती चढाई कायमची बंद झाली. मस्ग्रेव्ह रांगेचा प्रदेश 1981 च्या कायद्याने आदिवासींच्या मालकीचा झाला असून बाहेरच्यांना तिथे परवानगी घेऊनच जाता येते.

याच रांगेत 1937 साली प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती बांधवांनी डॉ. चार्ल्स ड्युगिड यांच्या पुढाकाराने एर्नाबेला मिशन सुरू केले. लोकांच्या चालीरीतींवर घाला घालायचा नाही, त्यांची भाषा मिशनऱ्यांनी शिकायची, मुलांना मातृभाषेत शिकवायचे, असे तिथले धोरण होते. सुवार्ता सांगणाऱ्यांनीच आधी ऐकायला शिकावे, हा मोठा धडा आहे. 1986 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे आदिवासींची भेट घेतली. आदिवासींचे योगदान आनंदाने स्वीकारल्याशिवाय ऑस्ट्रेलियातील ख्रिस्तसभा पूर्ण होणार नाही, असा विचार त्यांनी मांडला.

कोणी म्हणेल, "पृथ्वी परमेश्वराची आहे. मग एखाद्या खडकाला आपण का मानावे?" मानणे आणि मान देणे यांत फरक आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनासाठी शिरपूरला येणारे जैन भाविक देवळाबाहेर पादत्राणे काढतात. आपण आत गेलो तर आपणही काढतो. त्यामुळे आपली श्रद्धा कमी होत नाही. होरेब डोंगरावर मोशेला पायतण काढायला परमेश्वरानेच सांगितले होते. सिनाय पर्वताभोवती सीमा आखून लोकांना वर चढू न देण्याची आज्ञाही त्याचीच होती. पवित्र जागेपुढे थांबणे म्हणजे काय, हे आपल्याला परके नाही.

मग प्रत्येक बंद दार योग्यच मानायचे का? नाही. 1930 साली नाशिकच्या काळाराम मंदिरात जाण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तिथली सीमा बलवानांनी आखली होती आणि ती माणसाला माणूस मानत नव्हती. उलुरूची सीमा दुर्बळ केल्या गेलेल्या लोकांनी आखली आहे. तिने पाहुण्याची प्रतिष्ठा जात नाही. त्याची फक्त हौस राहून जाते. म्हणून विचारावे : ही सीमा कोणी आखली? ती माणसाला तुच्छ लेखते, की कोणाचे उरलेसुरले जपते? पहिली मोडावी, दुसरी पाळावी.

मेळघाट हे कोरकू बांधवांचे घर आहे. मृतांच्या स्मरणार्थ ते कोरीव लाकडी खांब उभारतात. व्याघ्र प्रकल्पासाठी त्यांची काही गावे हलवली गेली. गाव सोडताना देवाचे ठिकाण आणि पूर्वजांच्या खुणा मागेच राहतात. आपल्या कबरस्तानात कोणी क्रूसाला टेकून फोटो काढले, तर आपल्याला कसे वाटेल? मग शेंदूर लावलेल्या दगडापाशी किंवा अशा खांबापाशी आपण कसे वागावे, हे वेगळे सांगायला नको. गावात शिरण्यापूर्वी विचारावे, फोटो काढण्यापूर्वी विचारावे, आणि 'नको' म्हटले तर हसून मागे फिरावे.

शेजाऱ्यावर प्रीती करा, ही प्रभूची आज्ञा आहे. शेजाऱ्याला जे पवित्र वाटते, त्याच्याशी आपण कसे वागतो, यातही ती प्रीती दिसते.

हे प्रभो, कुठे पाऊल टाकावे आणि कुठे थांबावे, हे आम्हाला शिकव. आमेन.