किल्ल्यावरची हिरवळ

मनुष्याची नीति मोठ्या प्रसंगीं कसास लागते, असा सर्वसाधारण समज आहे. आम्हांस तो अपुरा वाटतो. मोठ्या प्रसंगीं चार लोकांचे डोळे आपल्यावर असतात. क्षुल्लक निवडींत मात्र आपणच आपले साक्षीदार. दिवाळींतील मुलांच्या किल्ल्यावर हिरवळ कोणती लावावी, हा असाच एक क्षुल्लक प्रश्न गेल्या वर्षीं जासई येथें एका स्नेह्यांच्या अंगणांत आमच्यापुढें आला, व त्यानें पुष्कळ दिवस आमची पाठ सोडली नाहीं.

वसुबारसेच्या दिवशीं दगडविटांवर पोतें टाकून व त्यावर चिखल लिंपून मुलांनीं डोंगर उभा केला होता. बुरूज झाले, पायऱ्या झाल्या, महाराजांचें सिंहासन मांडलें गेलें. डोंगर मात्र उघडाबोडका. तेव्हां तीन मतें पुढें आलीं. एकानें लाकडाचा भुसा हिरवा रंगवून पसरावा असें सुचविलें. दुसरा म्हणाला, विहिरीच्या कठड्यावरील शेवाळ खरवडून आणूं. धाकट्या मुलीचें म्हणणें, बीं पेरावें.

भुशाचा विचार लवकर मागें पडला. त्यावर पाणी पडलें कीं रंग ओघळतो. शेवाळाचा मोह मोठा होता. त्यास खरीं मुळें नसतात. बारीक तंतूंनीं तें दगडास धरून असतें, म्हणून खालून सुरी फिरविली कीं मखमलीच्या तुकड्यासारखें अखंड निघतें. घटकेंत डोंगर हिरवा! परंतु ती मखमल विणली जावयास कित्येक पावसाळे लागलेले असतात, आणि आश्विनाच्या उन्हांत ती चार दिवसांत करपते. इतक्या दीर्घ काळाचें संचित आपल्या चार दिवसांच्या हौसेसाठीं उचलावें, हें आम्हांस खटकलें.

यावर शेवाळाच्या कैवाऱ्यानें बिनतोड प्रश्न केला. शेवाळ पुन्हा येईल. पेरलेलें बीं मात्र दिवाळी सरतांच मरणारच ना? मग निर्दय कोण? आमच्याजवळ उत्तर नव्हतें. घरच्या आजींनीं तर भाताचें व नाचणीचें बीं खेळास देण्याचें साफ नाकारलें. जें ताटांत यावयाचें तें उगीच मातींत घालूं नये, हा त्यांचा न्याय. शेवटीं त्यांनींच आळिवाची पुडी काढून दिली. आळीव भिजतांच त्याभोंवतीं बुळबुळीत, चिकट आवरण येतें, त्यामुळें तें उभ्या कड्यावरूनहि घसरत नाहीं. दोनतीन दिवसांत मोड येतात, व कोंवळा पाला कोशिंबिरींत खातां येतो. खेळ संपला तरी बीं फुकट जात नाहीं.

जासईसारख्या गांवीं हा प्रश्न नुसता खेळाचा राहात नाहीं. १९७० मध्यें नव्या मुंबईच्या योजनेस आरंभ झाला, आणि या भागांतील भातशेतें व मिठागरें संपादनाखालीं आलीं. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठीं १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं या परिसरांतील शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारांत पांच जणांचे प्राण गेले. पुढें १९८९ मध्यें न्हावाशेवा बंदर सुरू झालें. २०२४ मध्यें शिवडीहून निघालेला अटल सेतु जवळच चिर्ले येथें जमिनीस टेकला. बंदर नको, पूल नको, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु भुईवरचें हिरवें पांघरूण ओढून काढावयास एक दिवस पुरतो व तें विणावयास पिढ्या लागतात, हें येथील लोकांस कोणी शिकवावें लागत नाहीं.

त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येथेंच सांपडलें, असें वाटतें. जगावयाचें म्हणजे कोणाचें तरी कांहीं घ्यावें लागणारच. आळीवहि घ्यावाच लागला. मात्र घेण्यापूर्वीं तें घडावयास किती काळ लागला, आणि आपलें काम झाल्यावर त्याचें काय होणार, हे दोन प्रश्न विचारण्याचें ऋण घेणाऱ्यावर असतें. आजींनीं तें न बोलतां फेडलें.

धनत्रयोदशीस शेजारचे किल्ले हिरवेगार होते. आमच्या मंडळींचा डोंगर बोडकाच, व मुलें खट्टू. पाडव्यास त्यावर हिरवी लव डोलूं लागली. भाऊबीजेच्या ताटांत आळिवाची कोशिंबीर होती. शेवाळाच्या कैवाऱ्यानें ती दोनदां मागून घेतली. मत मात्र बदललें नाहीं. विहिरीचा कठडा त्या वर्षीं हिरवाच राहिला.