वाचला, म्हणून भाकीत खोटे?

माझा भाचा सव्विसाव्या वर्षी मरणाच्या दारातून परत आला, ही गोष्ट आमच्या घराण्यात आता लग्नकार्यांत सांगितली जाते. सांगणारा शेवटी हमखास म्हणतो, "डॉक्टर म्हणाले होते, वाचणार नाही. पैशासाठी, दुसरं काय!" मी गप्प बसतो. कारण 'वाचणार नाही' हे शब्द डॉक्टरांचे नव्हतेच.

कावीळ झाली तेव्हा कोणी फारसे मनावर घेतले नव्हते. दूषित पाणी, ई प्रकारचा विषाणू. पथ्य पाळले की माणूस उठतो, हा आपला अनुभव, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो खराही असतो. नवव्या दिवशी पोरगा रात्रभर जागा राहिला, दिवसा झोपला आणि आईला विचारू लागला, की अब्बा दुकानातून आले का. अब्बांना जाऊन चार वर्षे झाली होती. आम्हाला तो अशक्तपणा वाटला. धडधाकट माणसाचे यकृत काही आठवड्यांत काम सोडते, रक्त गोठायला वेळ लागतो आणि मेंदूवर गुंगी चढते, तेव्हा निदान झालेले असते. पुढचा प्रश्न एकच उरतो: हे यकृत स्वतःहून सावरेल का?

एसजीपीटीचा आकडा अडीच हजारांवरून सहाशेवर आला तेव्हा आम्ही मिठाई आणायचेच बाकी ठेवले होते. डॉक्टरांनी समजावले, की पेशी मरतात तेव्हा हा आकडा चढतो. मरायला पेशीच उरल्या नाहीत तरीही तो उतरतो. पाहायचा तो आयएनआर. निरोगी माणसाचा एकच्या आसपास असतो, याचा ४.२ होता. मग प्लाझ्मा का चढवत नाही, म्हणून धाकट्या भाच्याने वाद घातला. उत्तर मिळाले, की रक्तस्राव नसताना चढवला तर आकडा सुधारेल, यकृत नाही. ते सावरते आहे की बुडते आहे हे दाखवणारी खूणच पुसली जाईल. उपचार न करणे हाही उपचाराचा भाग असतो, हे नातेवाइकाच्या गळी उतरणे फार कठीण.

लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळातील डॉक्टरांनी ५८८ रुग्णांच्या नोंदी तपासून १९८९ साली काही निकष प्रसिद्ध केले. पॅरासिटामॉलच्या विषबाधेसाठी वेगळे, इतर कारणांसाठी वेगळे. इतरांसाठी वय, आजाराचे कारण, कावीळ आणि गुंगी यांतले अंतर, आयएनआर आणि बिलिरुबिन या पाचांपैकी तीन गोष्टी वाईट निघाल्या, की प्रत्यारोपणाचा विचार. आमच्या पोराच्या शेवटच्या तिन्ही भरल्या. पण त्या काळी ई विषाणूची नीट ओळखही पटलेली नव्हती. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०१२ साली आपल्याकडच्या रुग्णांवरून वेगळी रीत मांडली: एकाच दिवसाचे आकडे न धरता अमोनिया, बिलिरुबिन, आयएनआर आणि गुंगी तीन दिवस पाहायची. शहाणपणाचे आहे. मात्र त्याच तीन दिवसांत मेंदूला सूज आली, तर प्रत्यारोपणाची वेळही निघून जाते. जितके पक्के कळेल तितका उशीर.

मृत दात्याचे यकृत अशा घाईत मिळणे आपल्याकडे दुर्मिळ. १९९४ च्या कायद्याप्रमाणे जवळचा नातेवाईक देऊ शकतो, म्हणून सगळ्यांच्या नजरा धाकट्याकडे वळल्या. यकृताचा उजवा, साठ टक्क्यांच्या आसपासचा भाग काढायचा. दात्याच्या जिवालाही हजारी दोन ते पाच इतका धोका सांगितला जातो. तो लगेच 'हो' म्हणाला.

आपा मात्र अडून बसली. "एकाला वाचवायला दुसऱ्याला टेबलावर झोपवू? गैब कोणाला ठाऊक?" मला तो अडाणीपणा वाटला. डॉक्टरांचे नेमके शब्द असे होते, की या अवस्थेतले बहुतेक रुग्ण प्रत्यारोपणाशिवाय जगत नाहीत, तरी काही जगतात. व्हरांड्यात येईपर्यंत मी त्याचे 'वाचणार नाही' करून टाकले. 'बहुतेक' या शब्दावर कोणती आई सही करते? गैब जाणण्याचा दावा डॉक्टरांनी केला नव्हता, तो मी केला.

आपाने सकाळपर्यंत थांबा म्हटले. सकाळी आयएनआर ३.६ आला, दुसऱ्या दिवशी २.९, आणि चौथ्या दिवशी पोराने चहा मागितला.

म्हणून आपा बरोबर आणि भाकीत खोटे? तसे म्हणवत नाही. दहांतले आठ जातील असे सांगितले, तर दोन वाचणारे त्या भाकितातच धरलेले असतात. आपाच्या हट्टाने त्या आठांतला एखादा गेलाही असता, आणि मग लग्नकार्यांत वेगळी गोष्ट सांगितली गेली असती. मला अस्वस्थ करते ते निराळेच. तिने माझे ऐकले असते, तर एक सावरू लागलेले यकृत काढून फेकले गेले असते, एका भावाचे पोट चिरले गेले असते, दुसरा जन्मभर औषधांवर राहिला असता. आणि आम्ही सर्वांनी डॉक्टरांना दुवा दिल्या असत्या. थांबल्यामुळे मेलेला माणूस सर्वांना दिसतो. विनाकारण झालेले प्रत्यारोपण कोणालाच दिसत नाही. हिशेबातही त्याची नोंद 'वाचवलेला' अशीच होते.

मागच्या ईदला धाकटा माझ्याशेजारी बसला होता. सहज विचारावे तसे म्हणाला, "मामू, त्या दिवशी मी 'नाही' म्हटलं असतं, तर तुम्ही ते डॉक्टरांना सांगितलं असतं?"

मी शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवली. आपा स्वयंपाकघरातून ऐकत होती.