साठ वर्षांची अट

इमारत वारसा ठरते ती वयाने, हा समज आता पाडकामाच्या फार कामी येतो. स्वातंत्र्योत्तर काळातली एखादी वास्तू अडचणीची वाटू लागली, की ती ‘अजून तेवढी जुनी नाही’ एवढे म्हटले की भागते. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचा हॉल ऑफ नेशन्स असाच गेला. 60 वर्षांखालच्या इमारतींचा विचारच करायचा नाही, असे दिल्लीच्या वारसा जतन समितीने ठरवले. हॉल होता 45 वर्षांचा. एप्रिल 2017 मध्ये एका रात्रीत तो भुईसपाट झाला.

वयाची अट मूळची पुरातत्त्वाची. कर्झनचा 1904 चा कायदा आणि पुढचा 1958 चा, दोन्ही लेणी, किल्ले, मकबरे नजरेसमोर ठेवून झाले. 1958 च्या कायद्यात 100 वर्षांची अट आहे आणि तिथे ती रास्तच आहे. मुंबईने 1995 च्या वारसा नियमावलीत वयाऐवजी ऐतिहासिक, वास्तुशास्त्रीय, सांस्कृतिक मूल्य पाहिले.

तरीही 2018 मध्ये युनेस्कोने ओव्हल मैदानालगतच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींबरोबर आर्ट डेको इमारतींनाही जागतिक वारशात घेतले, तेव्हा ‘जुन्या झाल्या म्हणून मान्य झाल्या’ असाच अर्थ लावला गेला. तो चुकीचा आहे. समुद्रात भराव घालून काढलेल्या जमिनीवर 1930 च्या दशकात उठलेल्या या इमारती. भाडे नियंत्रणामुळे त्या पाडून नव्या बांधण्याचा मोह पुष्कळसा आवरला गेला, हे खरे. पण त्यांना वारसा म्हणून पुढे आणले ते त्यांच्या गोलाईदार बाल्कन्यांत आयुष्य काढलेल्यांनी. नामांकनामागे रहिवासी संघटनांचा मोठा रेटा होता.

हॉल ऑफ नेशन्सला रहिवासीच नव्हते. वास्तुविशारद राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांनी तो 1972 च्या व्यापार मेळ्यासाठी उभारला. त्याचा सांगाडा म्हणजे दांड्या जोडून केलेली त्रिमितीय जाळी (स्पेस फ्रेम); ती एरवी पोलादाची करतात. इथे पोलाद परवडणारे नव्हते, म्हणून तिरप्या दांड्या आणि त्यांचे सांधे जागेवरच काँक्रीट ओतून, मजुरांच्या हातांनी घडवले गेले. टंचाईतून काढलेली अशी वाट त्या काळच्या दुसऱ्या इमारतीत क्वचितच दिसेल. मेळ्यांना, पुस्तक प्रदर्शनांना लोक लोटत आणि घरी जात. जागा सरकारी, हरकत मुख्यतः वास्तुविशारदांची. लोक गप्प राहिले ते त्यांना काँक्रीट आवडत नाही म्हणून, हे स्पष्टीकरण तोकडे आहे. मुंबईच्या त्या आर्ट डेको इमारतीही काँक्रीटच्याच!

अहमदाबादच्या आयआयएममधील वास्तुविशारद लुई कान यांनी रचलेली बहुतेक वसतिगृहे पाडण्याचा बेत डिसेंबर 2020 मध्ये जाहीर झाला आणि गदारोळानंतर महिनाभरातच मागे घेतला गेला. विरोधात जगभरचे वास्तुविशारद होते, तसे तिथल्या खोल्यांत राहून गेलेले माजी विद्यार्थीही होते. 2022 मध्ये मात्र झिजलेल्या विटा आणि भूकंपातली हानी पुढे करून संस्था पुन्हा नव्या बांधकामाकडे वळली. त्याच आवारातल्या, कान यांच्याच विटांच्या ग्रंथालयाची डागडुजी तोवर झालेली होती आणि तिला 2019 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक जतन पुरस्कारही मिळाला होता.