दहा दिवस टिकलेला न्याय

खाली बसा सगळे. वादविवाद संपला, टाळ्याही पुरे झाल्या. परीक्षकांना कप कोणाला द्यायचा तो देऊ दे. मी तुम्हाला राज्यघटना शिकवतो, त्यामुळे माझा हिशेब वेगळा आहे. "दहशतवाद रोखायचा की नागरिकांचे हक्क जपायचे" यावर तासभर घसा फोडलात. एकाने तरी एखादं कलम सांगितलं? एखादा निकाल वाचून आलं होतं कोणी? आवाज मात्र खालच्या कँटीनपर्यंत गेला.

आधी तुम्ही, "अतिरेक्याला कसले हक्क, चौकात उभा करून गोळ्या घाला" म्हणणारे. समोर उभा केलेला माणूस अतिरेकीच आहे हे ठरवलं कोणी? त्या रात्रीच्या टीव्हीने? ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये काही मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं घरी पोचली नाहीत. थोड्याच महिन्यांत आरोपी पकडले गेले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं आणि त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक जण २०२१ मध्येच तुरुंगात करोनाने वारला होता. तुमचं ऐकून त्या पाच जणांना २००६ सालीच चौकात उभं केलं असतं, तर या निकालाचा कागद कोणाच्या हातात द्यायचा होता?

खटला कशावर उभा होता तेही ऐका. मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. दोन उत्तरपत्रिकांत तीच वाक्यं त्याच क्रमाने दिसली की मी दोन्हींवर लाल रेघ ओढतो, हे तुम्ही अनुभवलेलं आहे. या कबुलीजबाबांतही न्यायालयाला असाच एकसारखा मजकूर आढळला. कबुलीसाठी छळ झाल्याची तक्रारही न्यायालयाने गंभीरपणे घेतली. बॉम्ब नेमक्या कोणत्या प्रकारचे होते, हेसुद्धा सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. पुढे राज्य सरकार अपिलात गेलं, आणि हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत बजावलं. सुटलेल्यांना मात्र परत आत पाठवलं नाही. हेही सांगतो, कारण सोयीचं तेवढं सांगून गप्प बसण्याची खोड तुमची आहे, माझी नव्हे.

आता मागच्या बाकांवर हसू नका, तुमचीही पाळी आहे. उच्च न्यायालयाच्या त्या निकालानंतर दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटाचा निकाल लागला. भिक्कू चौकातल्या त्या स्फोटात सहा जण गेले होते. तिथेही सातही आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्यातल्या एका लष्करी अधिकाऱ्याची जामिनाआधीची जवळपास नऊ वर्षं तुरुंगात गेली होती, आणि छळाचे आरोप तिथेही होते. २१ तारखेला ज्यांच्या स्टेटसवर "सत्याचा विजय" होता, त्यांनीच ३१ तारखेला "न्याय विकला गेला" असं लिहिलं. आणि २१ ला ज्यांचं रक्त उसळलं होतं, ते ३१ ला पेढे मागत होते. दोन्ही निकालांचं सार एकच होतं: संशय म्हणजे पुरावा नव्हे. तुम्ही वाचलं काय? आरोपींची आडनावं! लाज वाटू द्या.

आणि या गदारोळात मेलेल्यांच्या घरच्यांची आठवण एकालाही झाली नाही. लोकलमध्ये गेलेल्यांच्या आणि मालेगावात गेलेल्यांच्या घरी आजही एकच प्रश्न आहे: मग बॉम्ब ठेवला कोणी? आरोपीला मिळणारा वकील, उलटतपासणी, दंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब ही कोणावरची मेहेरबानी नाही. तपास खरा आहे की रचलेला, हे तिथेच कळतं. ती चाळणी काढून टाकलीत तर निरपराध आत सडतो आणि खरा गुन्हेगार पुढच्या लोकलचं तिकीट काढतो.

"असल्या लाडांनी खटले रेंगाळतात" असं मघाशी कोण म्हणालं? उभा राहा. २६/११ च्या मुंबई हल्ल्यातल्या कसाबला, हाती फक्त काठी असताना, जिवंत पकडून देताना पोलीस तुकाराम ओंबळे यांनी स्वतःचा जीव दिला. त्या कसाबला सरकारी खर्चाने वकील दिला. त्याचा कबुलीजबाब पोलीस अधिकाऱ्याने नव्हे, दंडाधिकाऱ्याने नोंदवला. विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, दयेचा अर्ज, सगळ्या पायऱ्या झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. चार वर्षांच्या आत! त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केलं. म्हणून कसाबचा खटला नुसता देखावा होता असं म्हणणं कठीण आहे. बस खाली.

आता "असे कायदेच नकोत" म्हणणाऱ्या क्रांतिकारकांनो. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९९५ मध्ये संपला, त्यानंतरचा पोटा २००४ मध्ये रद्द झाला. मग २००८ मध्ये २६/११ घडलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने एनआयए ही राष्ट्रीय तपास यंत्रणा उभी केली, यूएपीए हा बेकायदा कृत्यं रोखणारा कायदा कडक केला. साक्षीदार घाबरतात, कट सीमेपलीकडून शिजतात, पैसा हवालाने येतो. त्यासाठी वेगळे अधिकार लागतात हे कबूल करायला तुमची जीभ का अडखळते? नुसतं "काळा कायदा" ओरडून काळ्याचा पांढरा होत नाही. नेमकं बोट ठेवा. यूएपीएत आरोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळते. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर कलम ४३डी(५) जामिनाचं दार बंद करतं. एनआयए कायदा खटला रोजच्या रोज चालवा म्हणतो, तरी माणसं खटल्याविना वर्षानुवर्षं आत राहतात. पोलीस ठाण्यांत आणि तपास यंत्रणांच्या चौकशीच्या जागी कॅमेरे लावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच दिला आहे. चुकीने डांबलेल्यांना भरपाई देणारा कायदा करा, असं विधी आयोगाने २०१८ मध्ये सुचवलं. तो कायदा आलेला नाही. भांडायला एवढं पुरतं. पण त्यासाठी वाचावं लागतं, आणि तिथेच तुमचं घोडं पेंड खातं.

सोमवारी प्रत्येकाने दोन पानं लिहून आणायची. ज्या आरोपीचा तुम्हाला सगळ्यात जास्त राग येतो, त्याच्या बाजूने जामिनाचा अर्ज लिहा. आज ज्यांनी पोलिसांना शिव्या घातल्या, त्यांनी त्याच अर्जाला सरकारी पक्षाचं उत्तर लिहा. कलमांसकट. मोबाइलवरून उतरवलेलं मला वासावरून कळतं. ज्याची पानं येणार नाहीत, त्याने पुढच्या वादविवादात नाव द्यायचं नाही. निघा आता.