वैशाखातील गळती आणि उदककुंभ

वैशाखात शिवमंदिरांतून पिंडीवर गळती लावण्याचा प्रघात आहे. तळाशी छिद्र असलेल्या पात्रातून देवावर अखंड धार पडत राहते. उष्म्यात देवालाही शीतलता हवी, हा त्यामागील भाव. पण पुष्कळ भाविक देवाला धार धरतात आणि स्वतः मात्र निर्जळी, अनवाणी, भर दुपारी जांभ्याच्या तापल्या सड्यावरून चालतात. देहातही शिव वसतो, याचे तेवढ्यापुरते विस्मरण होते.

विजयदुर्गच्या किनाऱ्यावरील उष्मा फसवा आहे. घाटावरून आलेल्या यात्रेकरूस येथील 34-35 अंश सौम्य वाटतात. परंतु घाम वाळतो तेव्हाच शरीर निवते, आणि खाडीच्या दमट हवेत तो लवकर वाळत नाही. भारतीय हवामान विभागही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशात किमान 40 अंश, तर किनारपट्टीवर 37 अंश तापमान धरतो. दि. 16 एप्रिल 2023 रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यास लाखो श्रद्धावान उन्हात बसले होते. पारा सुमारे 38 अंश होता. उष्माघाताने 14 जणांना देवाज्ञा झाली. त्यांच्या श्रद्धेत काही उणे नव्हते. डोक्यावर छप्पर नव्हते.

उपवासाचे काय, असा प्रश्न येतो. धर्मशास्त्राने व्रतभंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषधही आहे. तेव्हा वृद्धांनी, गरोदर स्त्रियांनी व मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांनी तरी निर्जळीचा हट्ट धरू नये. कोकणात पाहुण्यास प्रथम गूळपाणी देतात. शहाळे, मीठ घातलेली पेज, कोकम सरबतही येथलेच. दर्शन सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर घ्यावे.

कोणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर ते देवाचे वारे समजून हात जोडीत बसू नये. त्यास सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपून वारा घालावा, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

अक्षय्य तृतीयेस उदककुंभाचे दान सांगितले आहे, ते नेमके याच ऋतूत. दानशूर भाविकांनी अभिषेकाबरोबरच वाटेवरील पाणपोई, मांडवाची झावळ्यांची सावली, पायांखालचे ओले गोणपाट यांचाही संकल्प करावा. पाणपोईचा माठ दुपारी बारा ते चार या वेळेत रिकामा राहू नये, एवढे मात्र पाहावे.