सत्यभामेची बाजू

पारिजातकाच्या गोष्टीत लोक नेहमी सत्यभामेला हसतात. हट्ट तिनं धरला, झाड तिच्या अंगणात लागलं आणि फुलं मात्र रुक्मिणीच्या अंगणात! कीर्तनकार इथं थांबून मिश्कील हसतो, की आपणही हसतो. पण त्या झाडाला पाणी कोण घालत होतं, हे कुणी विचारत नाही. मला विचारावंसं वाटतं. कारण घोडनदीकाठच्या या शिरूरला भर उन्हाळ्यात झाडापाशी बादली घेऊन मी उभा असतो.

तसं झाड गुणी. फार लाड मागत नाही. उन्हाळ्यात पानं गाळून गप्प राहतं. पावसाळा सरता सरता रात्री उमलतं आणि उजाडेपर्यंत केशरी देठांची पांढरी फुलं टाकून मोकळं होतं. जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालत नाही. पारिजातकाला तेवढी सूट. म्हणजे देवानंही मालकीची फारशी चौकशी केलेली नाही. चौकशी होते आमच्या घरात. "पाणी आपलं नि परडी त्यांची!" हे हिचं म्हणणं. शेजारच्या काकू म्हणतात, "अहो, आम्ही तोडतो कुठं? वेचतो." यावर वकील तरी काय बोलणार?

ज्याचे कष्ट त्याचं फळ, हा न्याय ऐकायला चोख. पण आमच्याकडे तो लावायचा म्हटलं की पंचाईत. पाऊस पडतो सह्याद्रीवर, अडतो खडकवासल्याला, आणि कालव्यानं येऊन वाढवतो दौंडचा ऊस. चासकमान धरण खेड तालुक्यात. त्याचं पाणी येतं शिरूरच्या शेतात. धरणांपायी ज्यांची घरंदारं बुडाली, त्यांनी उद्या विचारलं, "झाड आमच्या अंगणात, मग फुलं तुमच्याकडे कशी?" तर आम्ही काय सांगणार? आम्ही दोन्ही तालुके रुक्मिणीच्या अंगणात बसलेले! मग काकूंच्या परडीचा हिशेब कुठल्या तोंडानं मागायचा?

तरीही सत्यभामेची बाजू अगदीच लंगडी नाही. मला वाटतं, तिचं दुःख फुलं गेल्याचं नसावं. पाणी घालणाऱ्या हाताची कुणी आठवण ठेवली नाही, याचं असावं. देणाऱ्यानं भिंत उंच करू नये, हे खरंच. पण वेचणाऱ्यानंही वर्षातून एकदा मान वर करून, "यंदा झाड छान बहरलंय हो तुमचं," एवढं म्हणावं.

तेवढं रुक्मिणी म्हणाली असती, तर कीर्तनकारांना एक आख्यान कमी पडलं असतं, इतकंच.