यजमानाचं मूल परक्या गावी

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाची तयारी म्हणजे कुकर, गोडा मसाला, लोकरीचे मोजे आणि कर्जाची फाईल. त्याच्या अडचणींचा विचारही आपण याच सामानापुरता करतो: थंडी सोसेल का, जेवणाचं काय करेल, एकटं वाटेल का. 'कल्चर शॉक' हा शब्द आपल्या बोलण्यात एवढ्याच अर्थाने येतो. तो ज्यांच्यामुळे रूढ झाला ते मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग मात्र वेगळंच सांगत होते. १९५४ मध्ये रिओ दी जानेरोत त्यांनी यावर भाषण दिलं आणि १९६० मध्ये ते निबंधरूपाने छापलं गेलं. हात केव्हा मिळवायचा, बक्षिशी किती द्यायची, कोणतं आमंत्रण खरं धरायचं, अशा रोजच्या वावरातल्या खुणा नाहीशा झाल्या की माणूस सैरभैर होतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. मला त्यात एक भर घालावीशी वाटते. खुणा हरवतात तेव्हा त्यांच्यासोबत एक हक्कही हरवतो. 'हे गाव माझं, इथे कसं वागायचं ते मी ठरवणार' हा तो हक्क. मीरा-भाईंदरसारख्या शहरातून गेलेल्या मुलांना खरा धक्का बसतो तो इथे, कारण आयुष्यात पहिल्यांदाच ती 'बाहेरून आलेली' ठरतात.

वरवर पाहता हे उलटं वाटेल. मीरा-भाईंदरच्या मुलांनी तर सगळा भारत एका जिन्यात पाहिलेला असतो; ती घरी मराठी, लिफ्टमध्ये गुजराती आणि रिक्षात हिंदी बोलतात. त्यांना परकेपणाचं काय भय, असा आक्षेप कुणी घेईल. पण या शहराची घडण पाहा. उत्तन-चौकचे कोळी, राई-मुर्धा-मोर्वाचे आगरी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, मिठागरं आणि भातशेती एवढ्यावर उभा असलेला हा गावांचा पुंजका १९८५ मध्ये नगर परिषद झाला आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत इथली वस्ती सुमारे ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. दहा वर्षांत जवळजवळ तीन लाखांची भर पडते, तेव्हा ती मुख्यतः बाहेरून आलेल्यांचीच असते. कुणी गिरणगावातली चाळ सोडून आलं, कुणी कोकणातून, राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून. परकेपणाची किंमत या पिढीने मोजली, आणि मुलांच्या हाती आयतं, रुळलेलं गाव ठेवलं. त्यामुळे या मुलांनी विविधता भरपूर पाहिली खरी, पण यजमानाच्या बाजूने. घरात आलेला पाहुणा रोज पाहणं वेगळं आणि दुसऱ्याच्या दारात पाहुणा म्हणून उभं राहणं वेगळं.

जर्मनीचं उदाहरण घेऊ. व्हिसासाठी विद्यार्थ्याला वर्षाचे ११,९०४ युरो एका बंदिस्त खात्यात दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच हाती येतात. घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंद करायची. त्यासाठी घरमालकाचा कागद हवा, आणि नोंद नसली तर पुढची बरीच कामं अडतात. अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी भाडेकरार आणि कार्यालयातले अर्ज जर्मनमध्ये. रविवारी दुकानं बंद. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही. ओला कचरा, कागद, काच आणि वेष्टनं यांचे डबे वेगळे, आणि चुकीच्या डब्यात काही टाकलं तर शेजारी सांगायला येतो. यातली एकही गोष्ट क्रूर नाही. पण प्रत्येक गोष्ट विद्यार्थ्याला एकच वाक्य ऐकवते: आमची रीत तू शिकायची आहेस. ज्या मुलाच्या घरी कचरा कोण नेतं, लाईटबिल कोण भरतं, सोसायटीच्या सेक्रेटरीशी कोण बोलतं हे कधी त्याच्यापर्यंत पोहोचलंच नाही, त्याच्यावर रीत आणि राबणं दोन्ही एकदम कोसळतात. मुलींना राबण्याची सवय बहुधा आधीच लावलेली असते, आणि परदेशात ती कामी येते. याचं श्रेय मात्र आपण घेऊ नये. त्या सवयीमागे आपल्या घरातला भेदभाव आहे.

आता भाषेकडे येतो, कारण मीरा-भाईंदरची सर्वांत दुखरी जागा तीच आहे. जून २०२५ च्या अखेरीस मराठीच्या वादातून एका दुकानदाराला मारहाण झाली, व्यापाऱ्यांनी निषेध केला आणि ८ जुलैला मीरा रोडला मराठीसाठी मोर्चा निघाला. इथे राहायचं तर इथली भाषा शिका, ही मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते. ओबर्ग यांचाही उपाय तोच होता: यजमानांची भाषा शिका, मग माणसं कळतील. जर्मनीसुद्धा कायमच्या वास्तव्यासाठी साधारण बी-१ पातळीची जर्मन मागते. पण तिथे कायम स्थायिक होऊ पाहणाऱ्यांसाठी सरकारनेच अभ्यासक्रम आखलेला आहे, आणि त्यात भाषेचे ६०० तास आहेत. मागणीसोबत शिकवण्याची जबाबदारीही तिथे यजमानाने उचलली आहे. नवख्याला संध्याकाळी तासभर बसवून मराठी शिकवणारे वर्ग आपल्या प्रत्येक प्रभागात हवेत. थप्पड खाल्लेला माणूस भाषा शिकत नाही, तो तिच्यापासून लांब पळतो. परक्या देशातल्या कार्यालयात खिडकीसमोर शब्द चाचपडलेल्या विद्यार्थ्याला हे कुणी समजावावं लागत नाही.

ही तुलनाच चुकीची आहे, असं म्हणता येईल. विद्यार्थी स्वेच्छेने जातो, पैसे भरून, कागदपत्रं घेऊन; मीरा रोडला येणारा मजूर पोटासाठी येतो. फरक मोठा आहे, आणि तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो. प्रवेशपत्र, विमा आणि विद्यापीठाचं मदतकेंद्र पाठीशी असूनही जो गुदमरतो, त्याला हे काहीच नसलेल्या माणसाची कल्पना करता आली पाहिजे. मात्र एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. कातडीचा रंग पाहून खोली नाकारली गेली तर तो कल्चर शॉक नव्हे, अन्याय आहे, आणि विद्यार्थ्याने जुळवून घ्यावं हा त्यावरचा इलाज नाही.

दुसरा आक्षेप, हे सगळं वर्षभरात आपोआप निवळतं. समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांच्या अनुभवावरून अशीच वक्ररेषा मांडली: आधी हुरूप, मग उतार, मग पुन्हा चढ. पण १९६३ मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने तीत परतीचा उतार जोडला. घरी आल्यावर तोच धक्का पुन्हा बसतो. आपल्याकडे याचा सर्वांत जळजळीत पुरावा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. १९१३ मध्ये ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून टाकली होती, असं त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहिलं आहे. १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा राहायला जागा मिळेना. ओळख लपवून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं आणि तिथूनही बाहेर काढलं गेलं. त्यांचा धक्का परक्या देशाने दिलेला नव्हता. तो स्वतःच्या देशातल्या यजमानांनी दिला होता.

यजमानाच्या हाती किती असतं, हे आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणला वाढलेल्या आनंदीबाई जोशींच्या बाबतीत दिसतं. १८८३ मध्ये त्या वैद्यक शिकायला अमेरिकेला गेल्या. साडी आणि शाकाहार दोन्ही जपून १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून पदवीधर झाल्या. थंडीने आणि आजाराने त्यांना पोखरलं, हे खरंच. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी दार उघडलं होतं आणि आनंदीबाई त्यांना मावशी मानत होत्या. आज मुंबईच्या उपनगरांतल्या कितीतरी सोसायट्यांत अविवाहित भाडेकरू नको, मांसाहारी नको, अमुक धर्माचा नको, असं उघडपणे किंवा दलालामार्फत सांगितलं जातं. त्याच इमारतींतली मुलं परदेशात महिनोन्महिने खोली शोधत असतात. दोन वर्षांनी ती परततील, सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला बसतील, आणि भाडेकरूंचा विषय पुकारला जाईल. त्या वेळी ती काय बोलतात, ते मला ऐकायचं आहे.